ओ-यू-जी-एचची पार्श्वभूमी : ‘थ्रू’, ‘दो’ आणि 1906 चा हुकूम

‘पेपर टफ गेला’, ‘रफ वही’, ‘थ्रू प्रॉपर चॅनल’, ‘रॉट आयर्नचा पलंग’, ‘कफ सिरप’. मराठी बोलण्यात सहज येऊन जाणाऱ्या या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ओळीने येतात. शाळेत त्यांच्या वेगवेगळ्या उच्चारांचं कारण कुणी विचारलं, तर ‘पाठ करा’ एवढंच उत्तर मिळतं. (यातल्या ‘कफ’चा उच्चार खरं तर ‘कॉफ’ असा आहे आणि अर्थ नुसता खोकला. खोकल्याच्या आवाजाची नक्कल करत तो शब्द तयार झाला. आपल्या वात-पित्त-कफाशी त्याचं काही नातं नाही, बाटलीवर कितीही जुळून आलं तरी.)

या अक्षरांच्या जागी एके काळी खरोखरच एक उच्चार होता. उर्दूतल्या ‘ख़बर’मध्ये घशातून घासून येतो तसा ख. जुन्या इंग्रजीत ‘थ्रू’ म्हणजे आरपार, हा शब्द साधारण ‘थुर्ख’ असा बोलला जाई. ‘रफ’ म्हणजे खरखरीत, तो ‘रूख’. ‘थॉट’ म्हणजे विचार, तो ‘थोख्त’. लिहिताना या ‘ख’साठी नुसता एच पुरे. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखनिकांची पद्धत बदलली. कुणी तीनच्या आकड्यासारखं दिसणारं ‘योघ’ नावाचं अक्षर वापरी, कुणी जी-एच अशी जोडी. 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना निघाला आणि पुढे छापील पुस्तकांतून योघ मागे पडून जी-एच टिकलं. स्कॉटलंडमध्ये योघऐवजी आकाराने जवळचा झेड बसवण्यात आला, म्हणून तिथलं एक आडनाव लिहायचं ‘मेन्झिस’ आणि म्हणायचं ‘मिंगिस’.

स्पेलिंग छापखान्यात स्थिरावत होतं त्याच सुमाराला लंडनच्या बोलीतून हा ‘ख’ निघून चालला होता. काही शब्दांत तो पार गेला : ‘दो’ (जरी, तरी), ‘डो’ (मळलेलं पीठ), ‘बाउ’ (झाडाची मोठी फांदी), ‘ड्राउट’ (अवर्षण), ‘बॉट’, ‘सॉट’, ‘फॉट’. काही शब्दांत घशातलं घर्षण ओठांवर आलं आणि ‘फ’ झालं : ‘टफ’ (चिवट), ‘इनफ’ (पुरेसं), ‘ट्रॉफ’. हा ‘ट्रॉफ’ म्हणजे गुरांपुढची डोणी. हवामानाच्या बातम्यांत जिला द्रोणीय स्थिती म्हणतात तीही हीच. कुठल्या शब्दात ख गळेल आणि कुठल्या शब्दात त्याचा फ होईल, याचा नियम एका बोलीपुरता लागतो. प्रमाण इंग्रजीने मात्र एक शब्द या बोलीतून उचलला, दुसरा त्या. मळलेल्या पिठाला काही भागांत ‘डफ’ म्हणत, ते रूप पुडिंगच्या एका प्रकाराच्या नावात अजून आहे. त्यातच स्वरही जागचे हलले. ‘स्लाउ’ म्हणजे दलदल आणि ‘स्लफ’ म्हणजे सापाने कात टाकणं. दोन्हींचं स्पेलिंग एकच. ‘थ्रू’ आणि ‘थरो’ (कसून केलेलं) हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. हमरस्त्याला ‘थरोफेअर’ म्हणतात, त्यात ‘थरो’चा जुना ‘आरपार’ हा अर्थ शिल्लक आहे.

पुढची तीनेक शतकं कोशांनी छापील रूपावर शिक्कामोर्तब करण्यात गेली. अपवाद अमेरिकेचा. तिथे एकोणिसाव्या शतकात ‘प्लाउ’ म्हणजे नांगर हा शब्द शेवटी नुसता डब्ल्यू लावून लिहिण्याची रीत कोशातून हळूहळू रुळली. आरडाओरडा फारसा झाला नाही, आणि ही गोष्ट पुढच्या प्रकरणात महत्त्वाची ठरते.

1906 मध्ये एका पोलाद कारखानदाराच्या देणगीवर अमेरिकेत स्पेलिंग सुधारणेसाठी मंडळ स्थापन झालं. मंडळाने 300 शब्दांची यादी काढली. त्यांतले बरेचसे शब्द अमेरिकेत आधीच तसे लिहिले जात होते. डोळ्यांत खुपले ते थोडेच, आणि त्यांत आपले ओ-यू-जी-एच पुढे होते. ‘दो’ टी-एच-ओ असा, ‘थ्रू’ टी-एच-आर-यू असा, ‘थरो’चंही शेपूट छाटलेलं. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी छापखान्याला ही यादी लागू करण्याचा हुकूम दिला. लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने टिंगल केली. डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव केला की सरकारी कागदपत्रांत सर्वमान्य कोशांतलंच स्पेलिंग वापरावं. राष्ट्राध्यक्षांनी हुकूम मागे घेतला.

विरोधकांचा मुद्दा व्युत्पत्तीचा होता : स्पेलिंगमध्ये शब्दाचं कूळ दिसतं, ते पुसू नका. तो अगदीच फोल नव्हता. ‘थ्रू’मधल्या जी-एचमुळे जर्मन ‘दुर्ख’शी असलेलं नातं ओळखू येतं. पण मग ‘हिकप’चं काय करायचं? उचकीचा हा शब्द सोळाव्या शतकापासून पी लावूनच लिहिला जात होता. सतराव्या शतकात कुणाला तरी त्यात खोकला दिसला आणि ‘कॉफ’चं स्पेलिंग त्याला चिकटवलं गेलं. तोंडाने सगळे ‘हिकप’च म्हणत राहिले. इथे ओ-यू-जी-एच कुळाची खोटी साक्ष देतं, तरी कूळ जपणाऱ्यांनी तेही जपलं. मला यात व्युत्पत्तीपेक्षा डोळ्यांची सवय जास्त दिसते. सुधारकांची चूक वेगळी होती. ‘प्लाउ’ला जे कोशातून, पिढीभरात मिळालं ते त्यांना हुकमाने एका हंगामात हवं होतं.

मराठीत हुकमाने जमलं, हे खरं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ‘नांव’, ‘केलें’ यांतले न उच्चारले जाणारे अनुस्वार घालवले. त्यांच्याही बाजूने व्युत्पत्ती होती, वादही झाला. पण इथे पाठ्यपुस्तकं आणि सरकारी कामकाज एकाच राज्याच्या हातात होतं. इंग्रजीला असं एक घर नव्हतं. वॉशिंग्टनने बदललं तरी लंडनला ते बंधनकारक नव्हतं. लंडनमध्येही प्रयत्न झाले नाहीत असं नाही : 1949 मध्ये ब्रिटिश संसदेत स्पेलिंग सुधारणेचं विधेयक 84 विरुद्ध 87 मतांनी, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडलं.

हुकूम गेला तरी आखूड रूपं राहिली. शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने 1934 मध्ये स्वतःची सुधारित स्पेलिंगं सुरू केली. ‘दो’ आणि ‘थ्रू’ची छाटलेली रूपं त्याने 1975 मध्ये सोडली. शाळेत मुलांना जे चूक म्हणून खोडलं जातं ते पेपरात छापून येतं, ही अडचण होती. दरम्यान दुकानदारांनी आणि रस्त्यांवरच्या पाट्यांनी सुधारकांचं काम फुकटात केलं. ‘डोनट’मधल्या ‘डो’चं जी-एच पाटीवरून गेलं आणि आपल्याकडे डोनट आला तो बहुतेक तसाच, बिनशेपटीचा. गाडीतून न उतरता खाणं घेण्याच्या ‘ड्राइव्ह-थ्रू’ला लांब स्पेलिंग आता क्वचितच लावतात. ‘ड्राफ्ट’ (मसुदा) तर ब्रिटनमध्येही एफ-टीने लिहितात. जी-एचवालं रूप तिथे वाऱ्याच्या झुळुकीला आणि पिंपातून ओतलेल्या बिअरला उरलं. नांगर मात्र ब्रिटनमध्ये जी-एचसकट आहे, आणि सप्तर्षींनाही तिथे ‘प्लाउ’च म्हणतात.

मोबाइलवरच्या गप्पांत टी-एच-ओवालं ‘दो’ तर वाक्याच्या शेवटी, आपण ‘पण हं’ म्हणतो तसं, नुसत्या ठसक्यासाठी येतं. कोशात त्याच्यापुढे ‘अनौपचारिक’ ही खूण अजून आहे.