पाहुणा पडला तर जबाबदार कोण? न्यू जर्सीच्या घरमालकांसाठी पार्श्वभूमी

थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत अमेरिकेतल्या घरांत पाहुण्यांचा राबता असतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तो गणपतीपासूनच सुरू होतो आणि दिवाळीच्या फराळाला टिपेला पोचतो. दारात चपला-बुटांचा ढीग, बेसमेंटच्या जिन्यावर मुलांची धावाधाव आणि डिसेंबरात गोठलेला ड्राइव्हवे. यात कोणी पडलं तर घरमालक कितपत जबाबदार, याचा कायदा इंग्लंडमधून आला आणि त्याची सुरुवात पाहुण्याच्या विरुद्ध झाली होती.

१८५६ सालचा साउथकोट विरुद्ध स्टॅन्ली हा खटला. एक जण स्टॅन्लीच्या हॉटेलात त्याचा पाहुणा म्हणून गेला होता. निघताना त्याने काचेचं दार ढकललं आणि काच त्याच्या अंगावर पडली. न्यायालयाने दावा फेटाळला. पाहुणा हा तेवढ्या वेळेपुरता घरातलाच माणूस, तेव्हा घरचे जे धोके सोसतात ते त्यानेही सोसावेत, असा तर्क होता. दहा वर्षांनी, १८६६ मध्ये, साखर कारखान्यात गॅसची उपकरणं तपासायला आलेला कामगार जमिनीतल्या भोकातून खाली पडला. त्याला मात्र भरपाई मिळाली. कारण तो कामासाठी आला होता. यातून तीन वर्ग रूढ झाले: धंद्याच्या कामासाठी आलेला ‘निमंत्रित’, नुसत्या परवानगीने आलेला आणि घुसखोर. आग्रहाने जेवायला बोलावलेला स्नेही कायद्याच्या लेखी निमंत्रित नव्हताच, तो दुसऱ्या वर्गात बसे. घर तपासून ठेवण्याचं बंधन यजमानावर नव्हतं. ठाऊक असलेला छुपा धोका सांगितला की पुरे.

इंग्लंडने १९५७ च्या कायद्याने पहिल्या दोन वर्गांतला भेद मिटवला. अमेरिकेत कलाटणी मिळाली ती १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रोलंड विरुद्ध ख्रिश्चन या खटल्यात. बाथरूममधल्या नळाची चिनी मातीची मूठ तडकलेली होती. भाडेकरू असलेल्या यजमान बाईंनी सुमारे महिनाभर आधी घरमालकांना ते कळवलंही होतं, पण पाहुण्याला सांगितलं नाही. मूठ फुटून त्याच्या उजव्या हाताचे मज्जातंतू आणि स्नायुबंध कापले गेले. न्यायालयाने वर्गवारीच बाजूला सारली आणि प्रश्न सोपा केला: यजमान वाजवी काळजीने वागला का? मॅसॅच्युसेट्सने १९७३ मध्ये बर्फावर घसरलेल्या पोलिसाच्या खटल्यात पहिल्या दोन वर्गांतला भेद काढला, न्यूयॉर्कने १९७६ मध्ये तिन्ही वर्गांतला. न्यू जर्सीत मात्र घरी आलेल्या पाहुण्याबाबत जुना गाभा टिकून आहे. जो धोका यजमानाला ठाऊक आहे आणि पाहुण्याच्या लक्षात येणार नाही, तो दुरुस्त करायचा किंवा स्पष्ट सांगायचा.

म्हणून ‘ठाऊक होतं का’ हा कळीचा मुद्दा. कठडा हलतोय असा सुताराला पाठवलेला मेसेज म्हणजे तुम्हाला ठाऊक असल्याचा पुरावाच. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तो जिना पाहुण्यांसाठी बंदच ठेवा. चिठ्ठी लावली तरी गर्दीत ती कोणी वाचत नाही. जिन्यावर माणसं पडतात त्याचं एक कारण सहसा डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर पाय उंचीचा अंदाज बांधतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडतो. म्हणून बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचाहून जास्त फरक चालत नाही. बेसमेंट तयार करताना खाली नवी फरशी घातली की शेवटच्या पायरीची उंची फरशीच्या जाडीइतकी कमी होते. चपलांचा ढीग दारापासून दूर, गॅरेजमध्ये किंवा रॅकवर हलवा. मोज्यांनी गुळगुळीत लाकडी जिना उतरणं हा आपल्या घरांतला खास धोका आहे. पायऱ्यांवर न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवा.

बर्फासाठी साधं मीठ साधारण १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून थंडी असेल तर कॅल्शियम क्लोराइड लागतं. छताच्या पन्हळीचा पाइप पायवाटेवर सुटत असेल तर तो आधी वळवा. दुपारी वितळलेलं पाणी रात्री तिथेच काचेसारखं गोठतं, आणि पाहुणे निघतात तेव्हाच.

दारूचा प्रश्न या राज्यात वेगळाच गाजला. ११ जानेवारी १९८० ला ग्विनेल नावाच्या पाहुण्याने यजमानाकडे स्कॉच घेतली. यजमान त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. पाहुणा सुखरूप पोचला का हे विचारायला सुमारे २५ मिनिटांनी फोन केला, तेव्हा समोरासमोर टक्कर होऊन दुसऱ्या गाडीतली मारी केली जबर जखमी झाल्याचं त्याला कळलं. पाहुण्याच्या रक्तातलं अल्कोहोल ०.२८६ टक्के निघालं. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नशेत दिसणाऱ्या आणि गाडी चालवणार हे माहीत असलेल्या पाहुण्याला दारू देत राहणारा यजमानही तिसऱ्या व्यक्तीच्या इजेला जबाबदार असतो. १९८७ च्या कायद्याने याला मर्यादा घातल्या: दारू जाणूनबुजून, उघड नशेत असलेल्याला दिलेली असावी लागते, आणि पिणाऱ्या प्रौढाला स्वतःला झालेल्या इजेसाठी यजमानावर दावा करता येत नाही. स्वतःच्या हाताने ओतून घेण्याची पद्धत इथे अडचणीची, कारण कोणी किती घेतली यावर यजमानाची नजर राहत नाही. ओतायला एक जण ठेवा आणि जेवण लवकर वाढा.

विमा कंपन्यांनी १९५० पासून आग, चोरी आणि दायित्व (दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी) एकाच गृहविम्यात आणलं. त्यातला पाहुण्यांच्या वैद्यकीय खर्चाचा भाग, बहुधा १,००० ते ५,००० डॉलर, चूक कोणाची हे न विचारता मिळतो. ‘आपल्याच माणसावर दावा कसा करायचा’ म्हणून अवघडलेल्या स्नेह्यासाठी तो फार उपयोगी आहे. त्याला स्वतःहून सांगा. प्रथमोपचाराखेरीज पैसे देण्याचं वचन मात्र विमा कंपनीला कळवण्याआधी देऊ नका. पॉलिसीत तशी अट असते. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा या भागात बसतील असं गृहीत धरू नका. घरात नियमित राहणाऱ्यांना तो लागू नसतो, त्यामुळे त्यांचा वेगळा वैद्यकीय विमा विमानतळावर उतरण्याआधीच काढलेला असावा.