राज्यसंस्थेची थिअरी आणि नाटकाचा अभ्यास

राज्य म्हणजे नक्की काय, हुकूम सोडायचा हक्क त्याला दिला कोणी आणि आपण तो का पाळायचा, यावर तत्त्वज्ञांनी जे लिहून ठेवलंय ते हाताशी घेऊन नाटक वाचायचं, अशी ही पद्धत. तसं हे नातं जुनंच आहे, प्लेटोने तर आपल्या आदर्श नगरातून कवी-नाटककारांना बाहेरच काढलं होतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ हेगेल आणि प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं 'अँटिगनी'. नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला कोणी पुरायचं नाही असा राजा क्रेऑनचा हुकूम, आणि बहीण अँटिगनी तो मोडते कारण मेलेल्याला माती देणं हा देवांचा कायदा. आपण सरळ तिच्या बाजूने होतो, पण हेगेल म्हणतो थांबा, घराचा कायदाही खरा आणि नगराचाही खरा, दोघं आपापलंच धरून बसतात म्हणून ट्रॅजेडी होते. यावर खूप वाद झालेत. मला स्वतःला हेगेल क्रेऑनला जरा जास्तच सांभाळून घेतो असं वाटतं, नाटकात तर शेवटी क्रेऑनलाच आपली चूक कबूल करावी लागते.

मराठीत ही पद्धत सगळ्यात चपखल बसते ती विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ला (१९७२). जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१९ मध्ये म्युनिकच्या भाषणात मांडलं होतं की एखाद्या प्रदेशात अधिकृतपणे बळ वापरायची मक्तेदारी जिच्याकडे ती राज्यसंस्था. आता नाटकातलं पुणं बघा, रात्री घराबाहेर पडायला परवाना, प्रेत जाळायला परवाना, म्हणजे मारहाण रोज चालूच पण कागद असला की ती कायदेशीर. आणि गंमत म्हणजे ही मक्तेदारी घाशीरामची नाहीच, तो पोटची पोर पेशवाईचा कारभारी नाना फडणवीसाला देऊन कोतवाली, म्हणजे शहराच्या पोलिसांची सत्ता घेतो, ती फक्त भाड्याने मिळालेली, लोक खवळले की नाना सही करतो आणि घाशीरामला जमावाच्या हवाली करून मोकळा. नाटकावर वाद झाला तो मुख्यतः नाना फडणवीसांच्या आणि ब्राह्मणांच्या बदनामीवरून, त्यात हा धागा बराचसा बाजूलाच राहिला.

थिअरीचं माप घेऊन प्रत्येक नाटक त्यात कोंबायचं असा प्रकारही होतो, मग सगळे राजे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचे लेव्हायथन, म्हणजे सगळ्यांना धाकात ठेवणारी सर्वशक्तिमान सत्ता, आणि सगळे शिपाई एकाच साच्यातले. पात्रं कोणाला घाबरतात, सही कोणाची चालते, प्रेतावर हक्क कोण सांगतो, असलं साधं बघितलं तरी पुष्कळ हाती लागतं.

कधीकधी राज्य स्वतःच प्रेक्षक होऊन बसतं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. ब्रिटिश सरकारनेही ते तसंच वाचलं, नाट्यप्रयोगांवर बंदी घालणारा १८७६ चा कायदा हाताशी होताच, आणि १९१० मध्ये नाटक बंद झालं.