खांदा कसा हलतो, कुठे अडतो: व्यायाम सुरू करण्यापूर्वी वाचा

आमच्याकडे खांद्याची पहिली तपासणी पाठीपासून सुरू होते. दुखते खांद्यात आणि बघता पाठ, असे का, हे बरेच जण विचारतात. उत्तर खांद्याच्या रचनेत आहे.

खांदा हा एकच सांधा नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्यावरच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडावरच्या, खोबणीत बसतो, तो मुख्य सांधा. कॉलरबोन एका टोकाला खवाट्याशी आणि दुसऱ्या टोकाला छातीच्या मधल्या हाडाशी जुळते, ते आणखी दोन. शिवाय खवाटा फासळ्यांवरून सरकतो. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांपैकी साधारण १२० अंश मुख्य सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात. खवाटा अडला की उरलेला सगळा ताण मुख्य सांध्यावर पडतो. म्हणून आधी पाठ.

मुख्य सांधा उखळीचा असला तरी खुब्यासारखी खोल उखळ इथे नाही. खोबण बशीइतकी उथळ आहे. दंडाच्या माथ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी तिला टेकतो. कडेला लेब्रम नावाची चिवट किनार असते, त्यामुळे खोली थोडी वाढते. हात सगळीकडे फिरतो तो या उथळपणामुळेच, आणि खांदा निखळतो तोही त्यामुळेच, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः रोटेटर कफचे चार स्नायू करतात: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. डेल्टॉइड हा खांद्यावरचा जाड स्नायू हात उचलतो, पण उचलताना माथाही वर खेचतो. कफ त्याला खोबणीत दाबून धरतो. वर ॲक्रोमिअन हे हाडाचे छप्पर आहे आणि मधे साधारण १ सेंटिमीटर जागा. तेवढ्यातून सुप्रास्पायनॅटसची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जाते आणि तिच्यावर बर्सा ही द्रवाची पातळ पिशवी असते. कफ कमजोर असेल तर या जागेत दाटी होते. हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि पुढे कमी होते, ती बहुधा इथली.

दुखत नसलेल्या हातावर एक गोष्ट करून पाहा. अंगठा जमिनीकडे वळवून हात बाजूने वर न्या. खांद्याच्या उंचीच्या आसपास तो अडखळू लागेल. आता तळवा आकाशाकडे फिरवा आणि पुढे जा. हात सहज वर जातो, कारण दंडाच्या हाडावरचा उंचवटा छपराखालून मागे सरकला. कपाटाच्या वरच्या फळीवरून वस्तू काढताना हेच लक्षात ठेवा.

दुखणे कोणते, याचा अंदाज एका फरकावरून येतो. स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो: कफची कमजोरी किंवा फाटलेली कंडरा असू शकते. दुसऱ्याने उचलूनही जात नाही आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवणे आधी बंद झाले: कॅप्सूल (सांध्याभोवतीचे आवरण) आखडली, म्हणजे फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त. हा त्रास ४० ते ६० या वयात आणि मधुमेहींमध्ये अधिक दिसतो आणि सुटायला १ ते ३ वर्षेही लागू शकतात. एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो, कारण आखडलेली कॅप्सूल त्यात दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ कुणी काढू नये.

घरी करायचे व्यायाम दोनच. चांगला हात टेबलावर टेकून वाका आणि दुखरा हात सैल लोंबू द्या. अंग हलवून त्याला सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे झोके द्या, १ ते २ मिनिटे, दिवसातून २-३ वेळा. हात स्नायूंनी फिरवलात तर झोक्याचा उपयोग गेला.

दुसरा रबरी पट्ट्याचा. पट्टा दाराच्या कडीला, कोपराच्या उंचीवर बांधा. कोपर ९० अंशांत वाकवून काखेखाली टॉवेलची गुंडाळी धरा, हात बाहेर वळवा, हळूहळू परत आणा. ८ ते १० वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. गुंडाळी पडली म्हणजे कोपर अंगापासून सुटले. खांदा कानाकडे चढू लागला म्हणजे पट्टा जड आहे, हलका घ्या. सौम्य दुखणे चालेल, पण दुसऱ्या दिवशीही वाढलेले असेल तर फेऱ्या निम्म्या करा.

झोपताना दुखऱ्या कुशीवर नको. उताणे झोपलात तर दंडाखाली पातळ उशी घ्या.

पडल्यावर खांद्याचा आकार बदलला असेल तर तो ओढून बसवू नका; जवळच्या नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. झोळीत आधार देऊन थेट रुग्णालयात जा. ताप आणि सूज, किंवा अपघातानंतर हात अजिबात न उचलणे, यातही आधी डॉक्टर. खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात कळ असेल तर व्यायाम तिथेच थांबवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.