पृष्ठभागावरचे डिफेक्ट (हायड्रोजन कॅटॅलिस्ट)

नॅनो मटेरियलच्या पृष्ठभागावर एखादा अणू जागेवर नसणं, कडा तुटलेली असणं किंवा अणूंची रांग वाकडी होणं, याला डिफेक्ट म्हणतात. पाण्यापासून हायड्रोजन काढताना कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) वापरतात, आणि बरेचदा त्याचं खरं काम याच जागांवर होतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं. पुण्यात गाड्यांच्या कामातली माणसं त्याला मॉली ग्रीसमधली काळी पावडर म्हणून ओळखतात, त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून ते वंगणाला चालतं, पण थराचा तोच सपाट भाग हायड्रोजनच्या कामाचा जवळजवळ नाहीच, कारण तिथले सल्फरचे अणू आपापले बंध पुरे करून बसलेले असतात आणि हायड्रोजनला धरतच नाहीत. 2007 मध्ये डेन्मार्कमधल्या टीमने सोन्यावर याचे नॅनोकण वाढवून मोजलं तर करंट (म्हणजे हायड्रोजन बनण्याचा वेग) क्षेत्रफळाप्रमाणे नाही, कडेच्या लांबीप्रमाणे वाढत होता! मग सपाट भागातूनच सल्फर काढला तर? आर्गॉन प्लाझ्माने (विद्युतभारित आर्गॉन वायूने) तो उडवला की खालचं मॉलिब्डेनम उघडं पडतं आणि हायड्रोजन तिथे चिकटतो, 2016 मध्ये हे दाखवलं गेलं. चिकटणं मात्र बेताचंच हवं, सैल असेल तर रिअ‍ॅक्शन सुरूच होत नाही, घट्ट असेल तर हायड्रोजन सुटत नाही. प्लॅटिनममध्ये हा बेत आधीच जमलेला आहे, अडचण फक्त किमतीची.

सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या कॅटॅलिस्टचं गणित थोडं वेगळं. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ फक्त अल्ट्राव्हायोलेट शोषतं, 2011 मध्ये ते 20 बार हायड्रोजनमध्ये सुमारे 200 अंशांवर 5 दिवस तापवलं तर पृष्ठभाग विस्कटून चक्क काळं झालं आणि दिसणारा प्रकाशही शोषायला लागलं. पण डिफेक्ट जास्त झाले, विशेषतः आतल्या भागात, की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागा (होल) तिथेच एकमेकांना भेटून संपतात, हायड्रोजन बनवायला उरत नाहीत. त्यामुळे डिफेक्ट किती यापेक्षा कुठे हे जास्त महत्त्वाचं, आणि या विषयातली खरी मेहनत तिथेच आहे असं माझं मत.

पुण्यात पाषाण भागात एनसीएल, आयसर आणि सी-मेट या संशोधन संस्था जवळजवळ आहेत, सी-मेटमध्ये प्रकाशावर हायड्रोजन देणाऱ्या नॅनो कॅटॅलिस्टवर काम झालंय. 2022 मध्ये पुण्यातच देशी फ्युएल सेलची (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेची) हायड्रोजन बस दाखवली गेली, ती हायड्रोजन वापरते, इथले डिफेक्ट तो बनवण्याच्या बाजूला येतात.