वापरलेलं कॉम्पॅक्ट पिस्तूल घेण्याआधी

विक्रीला आलेल्या वापरलेल्या पिस्तुलावर ओरखडे असणारच. होल्स्टरमधून वर्षानुवर्षं आत-बाहेर झालेलं, पण फार न झाडलेलं पिस्तूल दिसायला कळकट आणि आतून ठणठणीत असतं. उलट नव्याने काळं करून चकाचक केलेलं समोर आलं, तर जरा थांबा आणि आधी क्रमांक बघा. फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा), स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) आणि नळी यांवर क्रमांक असतील तर ते एकमेकांशी आणि कागदांशी जुळायला हवेत. क्रमांक घासलेला वाटला, तर व्यवहार तिथेच थांबवा. परवाना आणि त्यावरचा बोर (नळीचं माप) जुळल्याशिवाय आम्ही विक्रेतेही पिस्तूल देत नाही.

हातात घेताना नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून लांब ठेवा. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा, मगच स्लाइड मागे ओढून अडकवा. क्रम उलटा झाला तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतली) गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत सरकते. चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. विकणाऱ्याने आत्ताच रिकामं करून दाखवलं असलं, तरी हे स्वतः पुन्हा करा.

आता स्लाइड उतरवून नळी वेगळी करा आणि उजेडाकडे धरा. आतले आटे ठळक दिसले पाहिजेत. मध्येच एखादं काळपट कडं दिसलं, तर नळी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. कमी जोराची गोळी नळीत अडकते, तिच्यामागे दुसरी झाडली जाते आणि नळी त्या जागी फुगते. बाहेरून बोट फिरवलं की बहुधा उंचवटा लागतो. अशी नळी बदलावीच लागते.

कॉम्पॅक्टचं खरं दुखणं म्हणजे रिकॉइल स्प्रिंग, मागे गेलेल्या स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी. स्लाइड आखूड आणि हलकी, स्प्रिंगला जागा कमी, झटका मात्र मोठ्या पिस्तुलाइतकाच. 9 मि.मी.मध्ये ती साधारण 3,000 ते 5,000 फैरींनंतर बदलतात. किती फैरी झाल्या हे कुणी खात्रीने सांगत नाही, म्हणून घेतल्याबरोबर नवीन टाका. खर्च किरकोळ आहे. स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात (ज्यात बाहेरच्या घोड्याऐवजी आतली टोचणी गोळीच्या बुडावर आदळते) चाचणी सोपी आहे. रिकामं पिस्तूल जुळवा, नळी तिरकी वर धरा, चाप दाबून धरूनच स्लाइड मागे ओढा आणि हळूहळू सोडा. ती पूर्ण मिटली नाही, तर स्प्रिंग गेली.

गोळी नीट आत जात नसेल, तर पिस्तुलाआधी मॅगझिनवर संशय घ्या. वरचे ओठ वाकलेले किंवा चिरलेले असतात, नाहीतर स्प्रिंग थकलेली असते. दुसऱ्या मॅगझिनने त्रास थांबला की उत्तर मिळालंच. रिकामी पुंगळी बाहेर न पडता उभी अडकते, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली काजळी साचली आहे का किंवा नखाचा टवका उडाला आहे का ते बघा. हलक्या पिस्तुलात नुसतं मनगट सैल पडल्यानेही असं होतं. गोळीच्या बुडावर खूण उथळ उमटत असेल, तर बहुतेकदा स्ट्रायकरच्या खोबणीत कुणीतरी हौसेने तेल सोडलेलं असतं. त्यात काजळी मिसळून चिखल होतो. ती खोबण कोरडीच ठेवायची.

ट्रिटियमची साइट (अंधारात आपोआप चमकणारी, नेम धरायची खूण) असेल तर तिचं वर्ष विचारा. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 12.3 वर्षं, त्यामुळे जुनी साइट अंधारात मिणमिणतेच. हा दोष नव्हे, पण किमतीत धरा.