‘ब्वेनोस दीआस’मधला पुल्लिंगी दिवस

स्पॅनिशच्या वर्गात पहिला नियम कानावर पडतो तो लिंगाचा: शेवटी ‘ओ’ आला तर पुल्लिंग, ‘आ’ आला तर स्त्रीलिंग. गंमत अशी की ज्या नमस्काराने वर्ग सुरू होतो तोच ‘ब्वेनोस दीआस’ हा नियम मोडतो. ‘दीआ’ म्हणजे दिवस. शेवट ‘आ’, पण शब्द पुल्लिंगी, म्हणून विशेषण ‘ब्वेनोस’ (चांगले). रात्र स्त्रीलिंगी, म्हणून तिचं मात्र ‘ब्वेनास नोचेस’.

खरं तर हा नियम कोणी केलेला नाही. स्पॅनिशची आई लॅटिन झिजताना तो आपोआप उरला. लॅटिनमध्ये तीन लिंगं होती आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलायचं: नोवुस, नोवा, नोवुम (नवा, नवी, नवं). संस्कृतातलं नवः, नवा, नवम् शेजारी ठेवलं की भाऊबंदकी लगेच दिसते. पुढे पुल्लिंगातही ‘नोवुस’ मागे पडून कर्माचं रूप ‘नोवुम’ उरलं, बोलताना शेवटचा ‘म्’ गळाला आणि पुल्लिंग, नपुंसकलिंग दोन्ही एकाच ‘न्वेबो’त मिसळले. हिंदीप्रमाणे स्पॅनिशनेही नपुंसकलिंग गमावलं. मराठीने ते अजून सांभाळलंय.

मग बेवारस नपुंसक नामं कुठे गेली? बरीचशी पुल्लिंगात: ‘वीनुम’ची ‘बिनो’ (वाइन) झाली. पण नपुंसक नामांचं अनेकवचन ‘आ’कारान्त असायचं, आणि काही नामं त्याच रूपात टिकली. ‘फोलिआ’ म्हणजे पानं. लोकांच्या कानाला तो ‘आ’ बाईमाणसाचा वाटला, आणि ‘ओहा’ (पान) हे स्त्रीलिंगी एकवचन होऊन बसलं. ‘लेन्या’, म्हणजे सरपण, त्याच वाटेने आलं. दुधाला ठराविक शेवट नव्हता, तर स्पॅनिशमध्ये ‘ला लेचे’ स्त्रीलिंगी आणि शेजारच्या पोर्तुगीजमध्ये तेच दूध पुल्लिंगी!

ही ओढाताण चालू असतानाचा एक पुरावा मला फार आवडतो. ‘अपेंडिक्स प्रोबी’ नावाच्या जुन्या यादीत कोणी व्याकरणप्रेमी 227 नोंदींतून लोकांच्या चुका सुधारतो. ‘नुरुस म्हणा, नुरा नव्हे’, ‘सोक्रुस म्हणा, सोक्रा नव्हे.’ नुरुस म्हणजे सून, सोक्रुस म्हणजे सासू; आपल्या स्नुषा आणि श्वश्रू यांच्या या सख्ख्या बहिणी. सून-सासू बायका असून शेवट ‘उस’ कसा, हे लोकांना पटेना. गुरुजी हरले: आज स्पॅनिशमध्ये ‘न्वेरा’ आणि ‘स्वेग्रा’ आहेत. हाताचा ‘मानुस’ हाही तसाच ‘उस’कारान्त स्त्रीलिंगी शब्द, पण त्याच्यावर कोणाची नजर गेली नाही. म्हणून आजही ‘ला मानो’.

‘एल आग्वा फ्रीआ’ (थंड पाणी) हा वेगळाच घोळ. पाणी स्त्रीलिंगीच, म्हणून तर ‘फ्रीआ’. पुढचा ‘एल’ पुल्लिंगी नव्हे, तो जुन्या स्त्रीलिंगी ‘एला’चा तुकडा आहे. आघाताच्या ‘आ’पुढे त्याचा ‘आ’ गिळला गेला. अनेकवचनात ‘लास आग्वास’ म्हटलं की खरं लिंग उघडं पडतं.

सगळी विशेषणं बदलत नाहीत. ‘ग्रांदे’ (मोठा) आपल्या ‘सुंदर’सारखं: मुलगा, मुलगी, दोघांना एकच. पूर्वी अशी जास्त होती. ‘एल सिद’ या स्पॅनिश वीराच्या जुन्या महाकाव्यात धारदार तलवारी ‘ताहादोरेस’ आहेत, आज ‘ताहादोरास’ म्हणतील. ‘आ’ची ही घुसखोरी पुढेही थांबली नाही: ‘प्रेसिदेन्ते’ (अध्यक्ष) शब्द दोन्ही लिंगांना चालत असतानाही स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या कोशात ‘प्रेसिदेन्ता’ 1803 पासून आहे.