जीवशास्त्रात चाळीस गुण पडले म्हणून बारावी पुन्हा द्यावीच लागते का?

‘जीवशास्त्रात पन्नासच्या आत गुण असतील तर बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत नाही, परीक्षा पुन्हा द्यावीच लागते,’ असा संदेश दर पावसाळ्यात निकालानंतर कोकणातल्या घराघरांत फिरतो. तो खरा नाही, पण त्यापायी एक वर्ष वाया जाऊ शकते.

अट एकट्या जीवशास्त्राच्या गुणांची नसून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या एकत्रित गुणांची आहे. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५, आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, म्हणजे १२०. इंग्रजीत उत्तीर्ण असणेही आवश्यक आहे. गुहागरच्या एखाद्या मुलीला जीवशास्त्रात ४०, भौतिकशास्त्रात ४७ आणि रसायनशास्त्रात ५१ गुण असतील, तर बेरीज १३८ होते आणि ती खुल्या प्रवर्गातूनही पात्र ठरते. गुणपत्रिका समोर ठेवून ही बेरीज स्वतः करावी आणि त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेतील पात्रतेच्या पानाशी ताडून पाहावी.

बेरीज पुरत असेल, तर पुन्हा परीक्षा देऊन फारसे हाती लागत नाही, कारण राज्यातील गुणानुक्रम सामाईक प्रवेश परीक्षेवरून लागतो. शिवाय श्रेणीसुधारासाठी एकच विषय नव्हे, तर सर्व विषय पुन्हा द्यावे लागतात. भर पावसात एस.टी.ने केंद्र गाठण्याची ती धावपळ, माझ्या मते, बेरीज खरोखरच कमी पडत असेल तरच करावी. तेव्हाही आधी जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमाचा विचार व्हावा, कारण त्याला विज्ञान शाखेची सक्ती नाही.